बंद दाराचा अधिकार

घर बांधताना किंवा जुन्या घराची मांडणी बदलताना गृहस्थ ज्या खोल्यांची यादी करतो, तीत एका खोलीचे नाव बहुधा सर्वांच्या शेवटी येते आणि तेही काहीशा संकोचाने उच्चारले जाते. ती खोली लिहिण्याची. स्वयंपाकघर कशाला हवे, असे कोणी विचारीत नाही. देवघराला नास्तिकाच्या घरातही एखादा कोनाडा मिळून जातो. पाहुण्यांच्या खोलीचे समर्थन पाहुणेच येऊन करतात. लिहिण्याच्या खोलीची गोष्ट निराळी. घरातील इतर खोल्यांना दार असते ते येण्याजाण्यासाठी. हिला दार हवे असते ते लावून घेण्यासाठी, आणि घरात लावलेले दार कोणाच्या ना कोणाच्या तोंडावर लागतेच. गृहसजावटीच्या नियतकालिकांतून या खोलीचा रंग, मेज, दिवा व पडदे यांविषयी पुष्कळ मजकूर येतो आणि तो वाचून घटकाभर करमणूकही होते. परंतु भरल्या घरात हे दार लावण्याचा अधिकार एका माणसाला कोठून मिळतो, हा प्रश्न त्या मजकुरात कोणी उपस्थित केल्याचे आमच्या पाहण्यात नाही. आणि भिंतींना कोणता रंग द्यावा याच्या आधी निकालात काढावयाचा प्रश्न आमच्या मते तोच आहे.

आमच्याकडील जुन्या वाड्यांत खोल्यांना तोटा नव्हता. ओसरी, सोपा, माजघर, कोठी, माडी, बाळंतिणीची खोली, अशी प्रत्येक गरजेला जागा नेमून दिलेली असे. लेखनाला मात्र जागा नेमलेली नव्हती. असलीच तर सोप्यावर बैठक घालून, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढे ओढून, दहा माणसांच्या वर्दळीत कारकून जे लिही ते लेखन. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षराचे वळण, ओळींमधील अंतर, शाई, बोरू, कागद येथपर्यंत त्यांची बारीक नजर पोहोचते. परंतु लिहिणाऱ्याने घरातील कोणत्या दाराआड बसावे, याचा विचार त्यांना करावासा वाटला नाही. त्यांचे स्वतःचे स्थान परंपरेने शिवथरच्या घळीत दाखविले जाते. तुकोबांना एकांत हवा झाला म्हणजे ते देहूजवळच्या भंडाऱ्या डोंगराची वाट धरीत. घर ही माणसांची जागा आणि एकांत ही रानाची वस्तू, अशी वाटणी आमच्या पूर्वजांनी जणू मनाशी करून टाकली होती. नेवाशास जो दगडी खांब आहे, त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये गीतेवरील टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा सांगते. त्या खांबाला लोक ‘पैसाचा खांब’ म्हणतात. दुर्गाबाई भागवतांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधसंग्रहाला ‘पैस’ हेच नाव दिले. पैस म्हणजे ऐसपैस मोकळेपणा, अवकाश. एवढ्या ग्रंथाला टेकायला एक खांब पुरला, हे ऐकले म्हणजे खोल्यांसाठी वाद घालणाऱ्या आमच्यासारख्यांना थोडे ओशाळल्यासारखे होते खरे. पण खांबाला टेकून सांगणाऱ्याचा संसार नव्हता, हेही विसरून चालत नाही.

संसारात राहून, घरातच एकांत मागण्याची कल्पना आमच्याकडे बरीचशी पश्चिमेकडून आली. तिचा मूळपुरुष म्हणून माँतेन याचे नाव घ्यावे लागेल. १५७१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, हा फ्रेंच गृहस्थ लोकव्यवहारातून निवृत्त झाला आणि आपल्या गढीच्या एका वर्तुळाकार बुरुजात वरच्या मजल्यावर ग्रंथ लावून बसला. तुळयांवर त्याने ग्रीक व लॅटिन वचने रंगवून घेतली होती. सजावट म्हणाल तर तीच. खिडकीतून खाली बाग, अंगण व घराचा पुष्कळसा भाग दिसे, आणि या एका कोपऱ्यापुरती तरी पत्नी, मुले व समाज या कोणाचीही सत्ता चालू नये, असे त्याने स्पष्टच लिहून ठेविले आहे. निबंध या प्रकारच्या लेखनाचा जन्मच या खोलीत झाला असल्यामुळे निबंध लिहिणाऱ्याने तिची निंदा करणे म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणे होय. तरीही मनात येते की, वरून ज्या अंगणाकडे माँतेन पाहत होता, त्या अंगणातील गुरे, माणसे, धान्य व भांडणे कोणीतरी खाली उभे राहून सांभाळीत होते. तसे कोणी नसते, तर बुरुजाचा जिना त्याला दिवसातून किती वेळा उतरावा लागला असता?

हा प्रश्न कार्लाइलच्या घरात अधिक स्पष्ट होतो. आमच्या मागील पिढ्यांतील इंग्रजी शिकलेल्या मंडळींना या ग्रंथकाराचे मोठे वेड होते. मौनाची थोरवी त्याने अनेक खंडांतून सांगितली, असे त्याच्याविषयी विनोदाने म्हटले जाते. लंडनमधील चेल्सी भागात चेनी रो येथे १८३४ पासून तो राहत असे. शेजारचे कोंबडे, पियानो, रस्त्यावरचे फेरीवाले यांनी त्याचा जीव मेटाकुटीस येई. शेवटी १८५३ साली घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची, वरून उजेड घेणारी, आवाज शिरणार नाही अशी खोली बांधावयाचे ठरले. कित्येक महिने घरात गवंडी, सुतार, चुना व धूळ यांचे राज्य होते. ते राज्य जेनबाईंच्या वाट्याला आले. कोंबड्यांचा बंदोबस्त व्हावा म्हणून शेजाऱ्यांशी बोलणी करावयाची तीही त्यांनीच. इतके करून खोली तयार झाली ती फसली; जवळचे आवाज काहीसे कमी झाले, पण पूर्वी ज्यांची जाणीवही नव्हती असे दूरचे आवाज वर येऊ लागले. त्याच खोलीत बसून कार्लाइलने फ्रेडरिक राजाचे सहा खंडी चरित्र लिहिले, जे १८५८ ते १८६५ या काळात बाहेर पडले.

आता यातील खरी गोष्ट पुढेच आहे. जेनबाई १८६६ साली वारल्या. त्यांची पत्रे कार्लाइलने जमविली आणि ती १८८३ साली, त्याच्याही मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. कोंबडे, मोलकरणी, गवंडी, ढेकूण, नवऱ्याची चिडचिड असे विषय असलेली ती पत्रे इंग्रजी भाषेतील उत्तम पत्रांत आज गणली जातात. फ्रेडरिकचे सहा खंड आज किती जण उघडतात, याचा अंदाज वाचकांनीच करावा. त्या घरात लेखक दोन होते आणि दुहेरी भिंतींची खोली एकालाच मिळाली, असा याचा सरळ अर्थ होतो. यात कार्लाइलला दुष्ट ठरविण्याचे कारण नाही. त्या काळी दोघांपैकी कोणालाच हा प्रश्न प्रश्न म्हणून दिसला नसेल. परंतु ज्याला दिसत नाही त्याच्या पदरी दोष नसला, तरी ज्याला दिसतो त्याची सुटका त्यामुळे होत नाही.

प्रूस्तची बुचाच्या लाकडाने मढविलेली पॅरिसमधील शय्यागृहवजा खोली तर जगप्रसिद्धच आहे. १९१० साली त्याने भिंतींवर बूच बसवून घेतले. पण ती निःशब्दता एकट्या बुचाची नव्हे. १९१४ पासून सेलेस्त आल्बारे ही बाई त्याच्या घरी राहून दिवसाची रात्र व रात्रीचा दिवस करीत होती. तो जागा असे तेव्हा ती जागी, तो निजला की घरात पाऊल वाजू नये म्हणून दक्ष. बूच विकत मिळते. सेलेस्तबाईंचे जागरण त्या हिशेबात कोठे मांडावयाचे?

जेन ऑस्टिनच्या भाच्याने लिहिलेल्या चरित्रात एक आठवण आहे. चॉटन येथील घराचे एक दार उघडताना कुरकुरत असे, आणि ते दुरुस्त करू नये असे तिने सांगून ठेविले होते. कारण त्या आवाजाने कोणी येत असल्याची वर्दी मिळे व लिहिलेले कागद झाकता येत. एका लहानशा मेजावर, अशा चोरट्या वेळात, तिने ते ग्रंथ सिद्ध केले. व्हर्जिनिया वुल्फ हिने १९२८ साली केंब्रिजच्या विद्यार्थिनींपुढे दिलेल्या व्याख्यानांतून पुढच्या वर्षी एक छोटे पुस्तक सिद्ध झाले, आणि स्त्रीला लिहावयाचे असेल तर वर्षाला ५०० पौंडांचे उत्पन्न व कुलपाची स्वतंत्र खोली हवी, हे त्यातील मागणे आता सर्वतोमुखी झाले आहे. ते मागणे न्याय्य आहे, याबद्दल आम्हांस शंका नाही. त्याला आमच्याकडून पुरवणी जोडावयाची झाल्यास ती अशी, की आपल्या माजघरांतून अशी किती पुस्तके लिहिली गेली नाहीत, याची नोंद ठेवणारे कोणतेही दप्तर नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणी १९१० साली प्रसिद्ध झाल्या. घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसून रात्रीच्या वेळी त्यांना शिकावे लागले, हे त्यांत वाचावयास मिळते. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर व शेतात त्यांनी जे रचले, ते घरच्या माणसांनी टिपून ठेविले म्हणून १९५२ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आले. प्रतिभेला खोली लागत नाही, असे सिद्ध करण्यासाठी त्यांचे नाव घेणारे लोक आम्हांस भेटतात. त्यांना इतकेच विचारावे की, ज्या जात्यापाशी टिपून घेणारे कोणी नव्हते तेथे काय झाले?

एकांत ही विटांची वस्तू नव्हे. ती दुसऱ्याच्या वेळेतून कापून घ्यावी लागते. आमच्या या म्हणण्याला सर्वांत बळकट पुरावा मुंबईच्या एका चाळीतला आहे. डॉ. आंबेडकरांच्या शालेय वयात त्यांचे कुटुंब परळला एका खोलीत राहत असे. संसाराचे सामान, चूल, धूर व माणसे यांनी ती भरलेली. चरित्रकार सांगतात की, वडील रामजी सकपाळ मुलाला लवकर निजवीत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवीत आणि मग त्याच्या जागी आपण अंग टाकीत. त्या घरात दुसरी खोली नव्हती, म्हणून रामजींनी काळाची खोली बांधली, आणि तिच्या भिंतींसाठी आपली झोप वापरली. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ उभे राहिले, तेव्हा बाबासाहेबांनी ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. त्या वास्तूचा पाया परळच्या त्या खोलीत घातला गेला होता, असे आम्हांस वाटते.

याउलट लोकमान्यांना सरकारनेच एकांत दिला. १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात, मोकळ्या कागदांऐवजी पाने मोजून दिलेल्या वह्यांत, शाई नाही म्हणून शिसपेन्सिलीने, त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहून काढले. साने गुरुजींनीही ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तुरुंगात मोठे ग्रंथ होतात हे पाहून काही रसिक मनातल्या मनात तुरुंगवासाचा हेवा करतात; तो आम्हांस पोरकटपणा वाटतो. टिळक मंडालेला असतानाच १९१२ साली सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. बंद दाराची किंमत पलीकडच्या बाजूला कोण देत असते, हे तेथेही दिसतेच.

येथे कोणी म्हणेल की, असे ग्रंथ झाले, त्यांनी लक्षावधी लोकांना वाट दाखविली; घरच्यांनी जे सोसले त्याची फेड झाली. मोठ्यांच्या बाबतीत आम्ही हे एकवेळ मान्य करू, जरी सोसणाऱ्यांना कोणी विचारले होते की नाही, हा प्रश्न उरतोच. पण लिहिण्याची खोली मागणाऱ्या शंभरांतील नव्याण्णव माणसे मोठी नसतात. महिन्याकाठी एखादे परीक्षण, वर्षातून दोनचार निबंध, क्वचित एखादे पुस्तक, एवढीच ज्यांची मजल, अशांपैकी आम्ही आहोत. आणि हे वाचणाऱ्यांपैकीही पुष्कळ जण असतील. आपल्या कृतीच्या भावी थोरवीवर आज घरच्यांकडून उसने मागणे म्हणजे पिकाच्या आशेवर सावकाराकडे जाण्यासारखे आहे, आणि त्यातही सावकाराला नाही म्हणण्याची सोय ठेवलेली नाही. गुणवत्तेच्या आधारावर हा अधिकार सिद्ध होत नाही. तो सिद्ध व्हावयाचा असेल तर अगदी वेगळ्या पायावर: माणूस म्हणून प्रत्येकाला दिवसाकाठी काही वेळ कोणी हाक मारू नये, मग त्या वेळात त्याने ग्रंथ लिहावा, सुपारी कातरावी किंवा नुसते छताकडे पाहत बसावे. हा पाया घेतला की अधिकार मिळतो. मात्र तो एकट्याला मिळत नाही, घरातील सर्वांना मिळतो.

आमच्या मनात हा विचार ग्रंथांतून आला, असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पुण्यातील आमच्या घरी आठ फूट रुंद व दहा फूट लांब अशी एक अडगळीची खोली आहे. ती रिकामी करून तेथे मेज मांडावे, असा बेत आम्ही यंदा जेवताना बोलून दाखविला. सौभाग्यवतींनी वरणाची वाटी पुढे सरकवीत शांतपणे विचारले, “अहो, तुम्ही दार लावून बसणार ते ठीकच आहे. मला दार लावायचं झालं, तर मी कोणतं लावू?” त्या अडगळीत त्यांचे शिवणयंत्र होते. आमच्या समोर घरातील दारे एकामागून एक आली. स्वयंपाकघराला दारच नाही. झोपण्याची खोली दोघांची. देवघर म्हणजे कपाट. उरले न्हाणीघर.

हे केवळ आमच्या घरी घडते असे नाही. २०२० च्या मार्चअखेरीस महासाथीमुळे सारा देश घरात बसला आणि कचेऱ्या घरी आल्या, तेव्हा घरोघरी हाच प्रश्न एकदम उघडा पडला. ज्याची बैठक त्याला खोली मिळाली. पुष्कळ ठिकाणी ती पुरुषाला मिळाली आणि त्याच कचेरीच्या दर्जाचे काम करणारी त्याची पत्नी ओट्यावर संगणक ठेवून बोलत राहिली. मुंबईत वरळी, नायगावच्या बी. डी. डी. चाळींतून, जेथे एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एकच खोली, तेथे तर कोणालाच दार नव्हते. त्याच दिवसांत एक नवी सजावटही जन्मास आली. पडद्यावर आपल्या पाठीमागे काय दिसावे, याचा विचार करून लोक पुस्तकांची कपाटे लावू लागले. वाचणाऱ्याच्या पाठीशी आणि पाहणाऱ्याच्या तोंडासमोर असे ग्रंथालय पूर्वी कोणाला सुचले नव्हते.

सजावटीचा विषय निघालाच आहे, तर आमचे मत सांगून टाकतो. खोलीतील प्रत्येक वस्तूला एक प्रश्न विचारावा: तू लिहिणाऱ्यासाठी आहेस की त्याला पाहायला येणाऱ्यासाठी? मेज खिडकीपाशी, पण उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या डावीकडून उजेड येईल असे, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही. संगणक वापरावयाचा असेल तर खिडकी त्याच्या समोर वा मागे नको, बाजूला हवी. उत्तरेचा उजेड सर्वांत स्थिर. भिंतीला चुन्याची पांढरी सफेदी पुरे. पुस्तकांचे कपाट पावसाची झड बसणाऱ्या भिंतीला चिकटवू नये, चार बोटे अंतर सोडावे. नाहीतर श्रावणापर्यंत बुरशी आणि त्यापाठोपाठ कसर ठरलेली. कडुलिंबाचा वाळलेला पाला फळ्यांवर ठेवण्याची जुनी रीत आम्ही सोडलेली नाही. ज्या घरात कोणी गात नाही तेथे कोपऱ्यात तंबोरा, कोणी टंकलेखन करीत नाही तेथे जुने टंकलेखनयंत्र, वाचलेली नाहीत अशा पुस्तकांची रंगवार लावलेली ओळ, थोर लेखकांच्या तसबिरी, ही सारी मंडळी दुसऱ्या प्रकारची. विशेषतः तसबिरी. डोक्यावर चार प्रतिभावंत टांगून घेऊन खाली बसणाऱ्याची लेखणी एकतर चालत नाही, किंवा त्यांच्यासारखी चालू लागते. आजोबांची पितळी दौत मात्र आम्ही मेजावर ठेवली आहे. तिच्यात शाई नाही, तरीही आम्ही तिला निरुपयोगी म्हणत नाही. तिच्याकडे पाहताना आजोबांचा हिशेब लिहिण्याचा सोपा आठवतो, जेथे त्यांना कोणी दार लावून दिले नव्हते. भ्रमणध्वनी आत नेऊ नये, हा नियम आम्ही केला आहे. दार लावून सारा बाजार खिशात घेऊन बसण्यात काय हशील? तो नियम पाळण्यापेक्षा करणे सोपे गेले, हेही येथे नमूद करतो.

राहिला सौभाग्यवतींचा प्रश्न. घरात दोन दारे निर्माण करण्याइतकी जागा नाही आणि तेवढे द्रव्यही नाही. तेव्हा जागेची वाटणी सोडून रामजींच्या मार्गाने काळाची वाटणी झाली. शिवणयंत्र बाहेर काढावयाचे नाही, ते खिडकीच्या दुसऱ्या अंगाला, एवढे पहिल्या दिवशीच ठरले. त्यामुळे मेज मनात होते त्याहून हातभर आखूड करावे लागले. सकाळी सहापासून नऊपर्यंत खोली आमची, दुपारी दोनपासून पाचपर्यंत त्यांची. आत जो असेल त्याला हाक मारावयाची नाही, आणि बाहेर जो असेल त्याने दाराची घंटा, दूध, गिऱ्हाइके, नातेवाइकांचे निरोप हे सारे सांभाळावयाचे. या कलमाचा पहिला भाग मान्य करणे सोपे असते. दुसऱ्या भागात, दुपारच्या तीन तासांत एका घराची घंटा किती वेळा वाजते याचे आमचे अज्ञान लवकर दूर झाले. एका आठवड्यात आम्ही कुरियरवाल्यांची नावे शिकलो. कडी आतून असावी की नसावी यावर थोडा वाद झाला; सौभाग्यवती म्हणाल्या, कडी हवीच, नुसत्या भरवशावरचे दार हे दार नव्हे. सुताराने ती बसविली आहे.

या व्यवस्थेला आता तीन महिने होत आले. दुपारी त्या आत काय करतात, हे आम्ही विचारीत नाही. कधी यंत्राचा आवाज येतो, कधी बराच वेळ येत नाही.